आत्याच्या नावावरचं रान

मोशी, २८ ऑक्टोबर

चि. नवनाथ,

तुला, सूनबाईला आणि घरातल्या सगळ्यांना तुझ्या इंदूआत्याचे पोटभर आशीर्वाद. पाकीट बघून हसशील. म्हणशील, आत्याच्या हातात मोबाईल असताना पोस्टाचं तिकीट कशाला? अरे, मोबाईलवर तू सापडतोस कुठं! दरवेळी तुझा तो पीए उचलतो, अवधूत. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, आजी." बिचारा गोड बोलतो, पण मला काय त्याच्याशी बोलायचं असतं? म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेली, ती पण अर्धी. मधेच तुझे वडील जन्मले आणि त्यांना कडेवर घ्यायला कुणीतरी पाहिजे होतं. तेव्हा काना-मात्रा चुकला तर बोल तुझ्या बापाला लाव.

पाकिटावर खासगी असं लिहिलंय. अवधूता, तरी तू फोडलंस तर फोड बाबा, पण चिवड्याच्या हातानं धरू नको.

परवा भाऊबीजेला आलास, फार बरं वाटलं. तुझा बाप कोंडाजी गेल्यापासून त्याच्या जागी तू येतोस, पाटावर बसतोस, ओवाळून घेतोस. यंदा दारात एवढ्या गाड्या लागल्या की समोरच्या बिल्डिंगीतल्या बायका गॅलरीत आल्या. एकजण विचारते, "आजी, लग्न आहे का?" मी म्हणलं, "न्हाई गं, माझा भाचा आलाय, निवडून आलेला!" तू ओवाळणीत घातलेली पैठणी नेसून दिवसभर बसले. सुरेंद्र म्हणाला, "आई, आता तरी सोड, घडी मोडंल." म्हणलं मोडू दे, मोडायलाच असती घडी.

आणि ते रान! राखीला गाडी पाठवलीस, मला त्या ऑफिसात नेलंस, फोटो काढला, अंगठा घेतला. "आत्या, तुझ्या नावावर जरा रान घेतो. तुला सारखं ऑफिसात यायला कशाला लावू? तुझ्या वतीनं माझा माणूस करंल." मी एवढी हरखले की दोन दिवस झोप नाही. नवऱ्यानं माझ्या नावावर साधी सायकल केली नाही, आणि भाच्यानं रान केलं! कुठं घेतलंस ते भाऊबीजेला विचारलं, तर म्हणालास, "गुढीपाडव्यापर्यंत दम धर आत्या, मग बघ." बरं, धरते दम.

एक काम होतं. आपल्या निघोज्याची झुलेखा तुला ठाऊक आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी घर, तिचा इकबाल गॅरेज चालवतो. ती आणि मी एका ओढ्यावर धुणं धुतलेल्या बाया. ईदला तिचा शिरखुर्मा माझ्याकडं, दिवाळीला माझा फराळ तिच्याकडं, लग्न होऊन मी मोशीला आले तेव्हापासून चुकलेलं नाही. डबा रिकामा परत जात नाही, मूठभर साखर तरी त्यात असतीच. यंदा सुरेंद्रनं डबा पोचवला आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला. भरलेला. एक करंजी सुद्धा उचलली नव्हती. फोन लावला तर उचलत नाही. तू गावचा पुढारी, तुझ्या कानावर सगळं येतं. काय झालंय ते जरा काढ.

तुझी
इंदूआत्या

मोशी, १८ जानेवारी

चि. नवनाथ,

उत्तर आलं. रंगीत कार्ड, त्यात तुझा हात जोडलेला फोटो, खाली छापलेलं "मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा". कार्ड मी देव्हाऱ्याशेजारी लावलंय. पण झुलेखाचं काही लिहिलं नाहीस.

आधी गोड बातमी. इराला दात आला! खालचा, तांदळाच्या कणीएवढा. सुरेंद्र-मृदुलाच्या संसाराला बारा वर्षांनी आलेली पोर, तिचा दात म्हणजे आमच्याकडं सणच. मृदुलानं बोट घालून दाखवलं, तर पोरगी कचकन चावली. मी हसून हसून खाली बसले. आता माझा एक पडायला आलाय आणि तिचा एक आलाय, घरातला हिशोब बरोबर.

हळदीकुंकवाला निघोज्याची सोनाराची सून आली होती. तिनं सांगितलं की झुलेखानं ओढ्याकाठचं रान विकलं! दसऱ्याच्या आधीच. माझ्या हातातलं वाण खाली पडलं. ते रान म्हणजे तिच्या सासऱ्यानं विहिरी खोदून खोदून मिळवलेलं. इकबाल तिथं मोठं गॅरेज बांधणार होता, कंपनीच्या गाड्या घेणार होता. आता म्हणे तो चाकणच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये आहे, भाड्यानं, आणि झुलेखा पण घराला कुलूप घालून त्याच्यासोबत मागच्या खोलीत.

कारण काय, तर कचरा. सगळ्या शहराचा कचरा ओढ्याच्या अंगाला येणार, जमिनी सरकार कवडीमोलानं घेणार, म्हणून जे मिळालं त्यात विकलं. तिच्यासारख्या अजून दोघांनी विकलं.

अरे, कचऱ्याच्या विरुद्ध मोर्चा तर तूच काढलास ना! आषाढात, भर पावसात. मला गाडी पाठवून बोलावलंस. मी पुढं होते, काळा झेंडा घेऊन. "कचरा हटाव, निघोजे बचाव!" माझा आवाज सगळ्यात मोठा, घसा आठ दिवस बसला होता. तू ट्रॉलीवर उभा राहून डोळे पुसलेस. "माझ्या आयाबहिणींच्या उरावर कचरा ओततायत," म्हणालास. माझ्या शेजारच्या बाया रडल्या, मी पण रडले. रडायला मला काय लागतं म्हणा.

तर मग त्या कचऱ्याचं पुढं काय झालं? मृदुला मोबाईलवर शोधती, तिला काही सापडत नाही. तुला तर तेव्हाच त्या रस्त्यांच्या समितीवर घेतलं होतं, तुझ्या तोंडून ऐकलंय, नकाशे सगळ्यांच्या आधी तुमच्या टेबलावर येतात म्हणून. कचरा येणार नसेल तर झुलेखाला सांग. आणि ज्यानं रान घेतलं त्याच्या कानाला धर. कोण आहे तो मेला? बाईला घाबरवून रान घेतो म्हणजे काय! तू चार शब्द टाकलेस तर मुकाट्यानं परत करंल.

तिळगूळ पाठवते. अवधूतला पण एक दे.

तुझी
इंदूआत्या

मोशी, ४ एप्रिल

नवनाथ,

चिरंजीव लिहायला हात उठला नाही. उठला तर पुढं लिहीन.

पाडवा झाला आणि पेपरात आलं. कचरा नाही, रस्ता. चाकणच्या कंपन्यांकडून थेट हायवेला, निघोज्याच्या ओढ्याकाठानं. त्याच दिवशी तुझा ड्रायव्हर पेढ्यांचं खोकं घेऊन आला. "साहेबांनी सांगितलंय, आजींचं तोंड गोड करा." मी एक पेढा तोंडात टाकला. केशराचा होता. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरं झालं, कचरा टळला, माझ्या नवनाथनं टाळला! यंदा ईदचा शिरखुर्मा आला नव्हता, तरी म्हणलं, आपण मोठं व्हावं. खोकं घेतलं, सुरेंद्रच्या मागं गाडीवर बसले आणि झुलेखाकडं गेले. गोड बातमी सांगायला.

पत्र्याची खोली. बाहेर इकबाल ट्रकखाली आडवा. आत झुलेखा चुलीपाशी, सॉरी, गॅसपाशी. मला बघून उठली नाही.

मी म्हणलं, "झुले, कचरा न्हाई यायचा! रस्ता यायचाय! घे पेढा."

ती खोक्याकडं बघत राहिली. "माझ्या रानाचे पेढे मलाच चारायला आलीस व्हय इंदे?"

"तुझ्या रानाचे?"

"वेड पांघरू नगं. कागदावर तुजं नाव हाय. मागं जोडलेल्या कागदावर तुजा फोटो हाय. निळी साडी, कपाळाला एवढं मोठं कुंकू. सही करताना समोर दुसराच माणूस व्हता, मागनं इकबाल ऑफिसातून कागद घेऊन घरी आला आन् मला म्हणला, अम्मी, घेणारी कोण हाय ठावं हाय का? इंदूमावशी. मी म्हणलं, दुसरी कोण आसंल. तर त्यानं फोटो दावला."

ती निळी साडी मी राखीला नेसले होते.

पेढ्यांचं खोकं मी पदराखाली घेतलं. इकबाल हात पुसत दारात आला. "मावशी, ऊन लागंल, आत सरका," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. झुलेखा म्हणाली, "मोर्च्यात म्होरं कोण व्हतं? कचरा कचरा म्हणून छाती कोण बडवीत व्हतं? मी तुज्या मागंच चालत व्हते की. तुजा आवाज ऐकूनच मला वाटलं, इंदी खोटं न्हाई ओरडायची." मग पाठ करून बसली.

घरी आल्यावर मृदुलानं मोबाईलवर सातबारा काढला. माझंच नाव. आणि त्या दुसऱ्या दोघांची रानं? ती तुझ्या सासूच्या नावावर. एका रांगेत तीन, आणि त्यांच्या मधून तुझा रस्ता. भांगात कुंकू भरावं इतका नेमका.

नवनाथ, मला आयुष्यात कशाची किळस आली नाही. शेणात हात घातले. अडलेली म्हैस सोडवली. सासू दोन वर्षं अंथरुणाला होती, तिचं सगळं काढलं आणि तोच हात धुऊन भाकरी खाल्ली. पण त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन तो पेढा ओकले. बोट घालून ओकले. कचरा येणार नाही हे तुला आधी ठाऊक. रस्ता येणार हेही ठाऊक. आणि ट्रॉलीवर उभा राहून डोळे पुसलेस! गरिबाला लुबाडणारे मी पुष्कळ पाहिलेत. लुबाडायच्या आधी त्याच्यासाठी रडून दाखवणारा पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझ्या माहेरचा निघाला. शी!

पैठणी बोहारणीला दिली. एक पातेलं आलं. चांगलं जाड बुडाचं आहे.

अवधूता, हे पत्र तू आधी वाचणार हे मला ठाऊक आहे. वाच. आणि त्याच्या पुढ्यात ठेव.

इंदू

मोशी, २ मे

नवनाथ,

काल आलास. गाडी एकच, आणि ती पण गल्लीच्या बाहेर लावलीस. तू गेल्यावर माझ्या डोक्यात उत्तरं यायला लागली, माझं असंच होतं, भांडण संपल्यावर मला चांगलं सुचतं. म्हणून लिहिते.

तू म्हणालास, "आत्या, चोरी केली का मी? चोख बाजारभावानं घेतलं."

कुठला बाजार? ज्या बाजारात तू कचऱ्याची आवई उठवलीस तो?

तू म्हणालास, "समितीवर बसलेले सगळेच घेतात. मला कळलं म्हणून घेतलं. डॉक्टरला रोग आधी कळतो, त्यात त्याचा काय गुन्हा?"

डॉक्टर रोग्याला रोग सांगतो बाबा. तू धडधाकट माणसाला सांगितलंस की तू मरायला टेकलायस, आणि त्याची खाट विकत घेतलीस.

मग तू हसलास. तुझं हसणं अगदी कोंडाजीसारखं आहे, ते बघून मला जास्तच वाईट वाटलं. "आत्या, तुला काय कळतं यातलं. पंधरा तारखेला माझा माणूस येईल, एक सही कर. गोडाऊनवाल्या कंपनीच्या नावावर करायचंय. तुझी कटकट पण जाईल." मी म्हणलं, "सही न्हाई करायची." तर तुझा चेहरा एकदम कोरा झाला. जणू तुझ्या गाडीनंच तुला सांगितलं, मी आज वळणार नाही. बरोबर आहे. तुझ्या आजोबांचं रान वाटलं तेव्हा कोंडाजीनं साडीचोळी आणून हक्कसोडावर माझी सही घेतली, मी विचारलं सुद्धा नाही कशावर करते. आपल्याकडं बहिणीनं सही द्यायची आणि माहेर राखायचं, असंच असतं. तुला वाटलं, आत्या म्हणजे सहीची बाई. म्हणून बायकोच्या, पोराच्या नावावर न घेता माझ्या नावावर घेतलंस. आडनाव वेगळं, डोकं रिकामं.

जाताना दारात सुरेंद्रला हळू म्हणालास, "तुझं कंपनीतल्या कँटीनचं कॉन्ट्रॅक्ट जूनला संपतंय ना रे? बघू मग." हळू म्हणालास, पण माझे कान शाबूत आहेत.

तू गेल्यावर आमच्यात जुंपली. सुरेंद्र म्हणतो, "आई, करून टाक सही. झुलेखामावशीचं वाईट झालं, पण आता माझ्या पोरीच्या दुधावर आणू नको. चाकणला त्याच्या शब्दाबाहेर कंपनीत पान हलत नाही." त्याचं खोटं नाही. कँटीन गेलं तर घराचा हप्ता कुठून आणायचा? मृदुला भाजी चिरत होती, ती मान वर न करता म्हणाली, "त्याच्या शब्दावर चालतंय म्हणूनच भीती वाटतेय ना? आज आईंची सही मागतोय, उद्या माझी मागंल." सुरेंद्र न जेवता उठला. कालपासून माझ्याशी बोललेला नाही. इराला घेऊन माझ्या समोरून जातो, तीच हात पसरून माझ्याकडं झेपावती, तर त्याला थांबावं लागतं.

आमच्या सोसायटीत वकीलबाई राहतात, त्यांना मृदुलानं कागद दाखवले. त्या वाचता वाचता गालात हसल्या. म्हणाल्या, "आजी, तुमच्या भाच्यानं तुमच्याकडून जमीन घ्यायचं मुखत्यारपत्र घेतलंय. विकायचं घ्यायला विसरलाय. विकायला मालकीणच समोर लागंल."

विसरलास कशाला? तुला गरजच वाटली नाही. आत्या कुठं पळून जाते?

तुझा माणूस पंधराला येणार आहे. येऊ दे, चहा देईन.

इंदू

मोशी, २० मे

नवनाथ,

तुझा माणूस आला होता. चहा दिला, खारी दिली. सही मागितली तेव्हा सांगितलं की रान माझं राहिलेलं नाही. खारी त्याच्या चहात बुडाली.

आदल्या दिवशीच आम्ही ऑफिसात जाऊन आलो. मी, मृदुला, झुलेखा आणि इकबाल. तुझ्या माणसाचं मुखत्यारपत्र आधी रद्द केलं, मग रान झुलेखाच्या नावावर केलं. जेवढ्याला घेतलं तेवढ्यालाच. स्टॅम्पाचा खर्च इकबालनं उचलला, मला हात लावू दिला नाही. तिथला साहेब चश्म्यातून बघून म्हणाला, "आजी, रस्ता जाहीर झालाय, आता भाव कुठल्या कुठं गेलाय, माहिती आहे ना? कुणाचा दबाव नाही ना तुमच्यावर?" मी म्हणलं, "साहेब, दबाव व्हता, पण तो हितं ऑफिसात न्हाई आला, माझ्या घरी येऊन बसला व्हता." मागं रांगेत उभी माणसं हसली. फोटो काढताना मशीनवाली पोरगी म्हणाली, "आजी, हसू नका, फोटोत दात दिसतात." मी म्हणलं, "दिसू देत. ह्या फोटोत दिसू देत."

झुलेखानं माझ्याकडं फार पाहिलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "पाय दुखत्यात का अजून तुजे?" मी म्हणलं, दुखतात. ती म्हणाली, "तेल लावीत जा." बास. पहिल्यासारखं व्हायला वेळ लागंल, किंवा होणार पण नाही. रान परत करता येतं, तिनं माझ्या आवाजावर ठेवलेला विश्वास कुठल्या ऑफिसात परत करायचा ते मला ठाऊक नाही. उरलेल्या दोन रानांच्या मालकांना इकबालनं सगळं सांगितलंय. ते वकीलबाईंना भेटले. मी पण जाणार आहे, मोर्चात काय ओरडले आणि कुणी ओरडायला लावलं ते लिहून द्यायला. तुझ्या सासूला माझा नमस्कार सांग आणि झोप लागते का विचार.

तुझ्या बायकोचा फोन आला. "आत्या, आता ह्या दारात पाऊल टाकू नका." तर माहेर संपलं. रात्री आठवण आली, थोडं रडले. ते घर माझ्या बापानं बांधलं, त्या उंबऱ्यावर मी खेळले. पण नवनाथ, ह्यापुढं त्या घरात मला कुणी वाटी पुढं केली असती तर ती कुणाच्या रानातली ते विचारावं लागलं असतं. तसं जेवायला मला नाही जमत.

सुरेंद्रचं कँटीन जातंय, तसा निरोप आलाय. माझ्यावर अजून घुश्शात आहे. पण काल मृदुलानं हिंजवडीकडच्या, मारुंजीतल्या भाड्याच्या खोल्यांतल्या पोरांसाठी डबे करायचं काढलं, तर तो मुकाट्यानं बसून मेथी निवडत होता. मी शेजारी बसले. उठून गेला नाही. जगू आम्ही. इरा आता उभी राहते, धरून.

राहता राहिला तुझा पैसा. रान घेताना तू तो माझ्या खात्यात घातलास आणि तुझ्या माणसानं मुखत्यारपत्रावर, मला पत्ता न लागू देता, माझ्या खात्यातून झुलेखाला दिला. झुलेखानं त्याला शिवलं नव्हतं. म्हणायची, रान विकलेल्या पैशानं घास उतरत नाही. तो सगळा जसाच्या तसा माझ्या खात्यात परत आलाय. मला त्यातला चहासुद्धा नको. बँकेत जाताना सुद्धा मी पदरानं तोंड झाकते, इतकी किळस येते.

तेव्हा तू स्वतः ये आणि घेऊन जा. अवधूतला पाठवू नको, ड्रायव्हरला पाठवू नको. वकीलबाईंनी पावती तयार ठेवली आहे. त्यात लिहिलंय की रस्ता जाहीर होण्याआधी निघोज्याचं रान आत्याच्या नावावर घ्यायला मी दिलेले पैसे मला परत मिळाले. खाली तुझं नाव छापलंय, हुद्द्यासकट. तू फक्त सही कर. इतक्या वर्षांत माझ्याकडून सह्या घेतल्यात बापलेकांनी, आता एक तू दे.

इंदू